अंग चोरून

रिदवान धापा टाकत आला.
"आजोबा घरात नाहीत," म्हणाला, "दुपारपासून."
सहा वर्षांत मी त्या दाराची पायरी चढले नव्हते,
तरी चपला घालायला विसरले.

हरारच्या तटाआत तीनशे अडुसष्ट गल्ल्या,
असं मोजणारे सांगतात. मोजणारे बाहेरचे.
आम्ही इथे वास धरून चालतो:
भाजलेली कॉफी आली की डावीकडे,
ओल्या चुन्याची भिंत लागली की उतार.
ती भिंत कासिमची. रमजानच्या तोंडावर तो रंग बदलतो,
गेल्या साली हिरवी होती, यंदा जांभळी,
आणि जांभळ्या भिंतीपाशी
मीच चुकले.

खातच्या जुड्या सोडवत बसलेली झैतुना म्हणाली,
"मुमेद ना? इकडूनच गेला.
जमालचं घर विचारत होता, कोट द्यायचाय म्हणे."
जमालला जाऊन वीस वर्षं झाली.
"मग काय सांगितलंस?"
"सांगितलं घर. काय सांगणार?"

चाळीस वर्षं या माणसानं
मकिना गिरगिरच्या उतारावर पाय चालवले,
एका जागी बसून.
यंत्रांच्या आवाजावरूनच त्या उताराला नाव पडलं.
सगळं शहर येऊन त्यांना मापं देऊन गेलं,
खांदा, छाती, बाही.

यंत्र त्यांनी भावाला दिलं.
भावानं ते विकलं आणि अदीसची बस धरली.
काजं मी करायचे. तुरपाई मी.
लग्नाच्या विजारींच्या पायावरचं भरतकाम, तेही मी.
"यंत्र पुरुषाच्या हाताखाली शोभतं,"
एवढंच म्हणाले होते.
एवढ्यावर सहा वर्षं.

अंधार पडला. तटाच्या भोकांतून
तरसं आत यायची ही वेळ.
लहानपणी त्यांनी आम्हाला जिन्नांची भीती घातली,
तरसांची कधीच नाही.
तरस जिन्न गिळतं, म्हणायचे, त्याला वाट द्यावी.

मग ती गल्ली. भांडणाची.
भिंती इतक्या जवळ, की समोरून कुणी आलं
तर एकानं पाठ लावायची, श्वास पोटात घ्यायचा
आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं.
अबोला धरलेली माणसं इथे गाठ पडली
की बोलावंच लागतं, निदान "सरका" तरी.
पोरपणी आम्ही मुद्दाम रुसून तिथे जायचो.

समोरून ते आले.
टोपी वाकडी, गळ्यात मोजपट्टी.
मला पाहिलं, भिंतीला पाठ लावली,
अंग चोरलं,
परक्या बाईला देतात तशी वाट दिली.
"जा पोरी. कुणाची तू?"

सहा वर्षं मी उत्तरं शिवून ठेवली होती.
एकही अंगाला बसेना.

जाता जाता माझ्या ओढणीचा काठ
त्यांच्या हाताला लागला.
बोटांनी तो धरला, उलटवला,
नखानं टाका चाचपला, एक, दुसरा, तिसरा.
डोळे कुठेतरी वर, पत्र्यांकडे.
"हे कुणी शिवलं?"
मी गप्प.
"उस्ताद आहे कुणी," म्हणाले. "पुरुषाचा हात."

हसू आलं मला, त्या दोन भिंतींच्या मध्ये, मोठ्यानं.
भांडण होतं तिथेच होतं,
फक्त त्याच्या दुसऱ्या टोकाला
आता कुणी उरलं नव्हतं.

"त्याच्याकडे नेते तुम्हाला," मी म्हटलं.
"लांब आहे?"
"नाही. पण मला वाट सापडत नाहीये."
"अगं, मला पाठ आहे सगळं," म्हणाले,
आणि भलत्याच बाजूला वळले.
मी मागोमाग, अनवाणी.

पुढच्या वळणावर
एक तरस उभं होतं, तोंडात काहीतरी घेऊन.
बाबा थांबले. भिंतीला पाठ लावली.
मीही.